सुमनताईची तिसरी सही

बातमी मला फोनवर कळली नाही. इमर्जन्सीतून आलेल्या रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे नेहमीसारखा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या टेबलावर आला. मी एकेका नळीचं लेबल वाचत होते आणि सुमनताईच्या नावापाशी हात थांबला. ओहायोतल्या आमच्या या गावात त्या नावाची दुसरी बाई नव्हती. त्या दिवशी आमच्याच लॅबमध्ये तिची दुपारची पाळी होती. अजून तासाभराने ती पांढरा कोट चढवत आत येणार आणि सकाळच्या कामात मी काय काय राहू दिलंय ते बघून कुरकुरणार, हे मी गृहीत धरलं होतं. नळी अजून कोमट होती. आमच्या कामाची रीत अशी, की आधी नमुना तपासायचा, घाबरायचं ते नंतर. मी तो तपासला, आकडे वर पाठवले आणि मग जिना चढून गेले. तिचे यजमान श्रीकांतभावजी कॉरिडॉरमध्ये उभे होते, एका हातात तिचा बूट. तिला स्ट्रेचरवर ठेवताना तो पायातून निसटला होता. “नीला, मेंदूत ब्लीडिंग झालंय म्हणतात,” ते म्हणाले, आणि बूट कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी सुमनताई गेली. त्याला आता सहा आठवडे होत आले. तिच्यावर लिहायला घ्यावं असं रोज वाटायचं आणि रोज भीतीही वाटायची. लिहिलं की ती गेली हे पक्कं होणार...

मी जन्माची भित्री आहे. सुमनताईही भित्रीच होती, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. तिच्या शोकसभेत जो उठला तो तिच्या धीटपणाविषयी बोलला. मी मागे बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अहो, तुम्ही हिला पाहिलंत तरी का कधी? पोस्टमनची गाडी दारात थांबली की हिचे ओठ कोरडे पडायचे. पोलिसाची गाडी मागून आली, की काही केलेलं नसताना ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायची. आमची ओळख झाली ती ऐंशी सालाच्या आसपास, गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मी ठाण्याहून नवी नवी आलेली, कोणाला काय म्हणावं ते ठाऊक नाही, म्हणून ‘सुमनताई, तुम्ही’ असं सुरू केलं. ती म्हणाली, “ताई म्हणतेस ना? मग अहो-जाहो नको बाप्पा.” ती अमरावतीची, केमिस्ट्रीची बीएस्सी. मंडळात ती ‘इलेक्ट्रॉनिक्समध्ये’ आहे असं सगळे म्हणायचे आणि ती ते दुरुस्त करायची नाही. खरी गोष्ट अशी, की गावाबाहेर टेलिव्हिजनचा कारखाना होता, तिथे ती सरकत्या पट्ट्यापाशी बसून दिवसभर सोल्डरिंग करायची. समोरून सर्किटं सरकत यायची, तिने ठरलेले जोड पक्के करायचे की ती पुढे सरकायची. आमच्या डॉक्टर-इंजिनियरांच्या मंडळात हे सांगण्यासारखं नव्हतं. मला तिने सांगितलं, कारण माझं नाक तीक्ष्ण आहे आणि तिच्या केसांना कसला वास येतो ते मीच विचारलं होतं.

तिची आई अमरावतीला एकटी राहायची. सुमनताई एकुलती एक. आईला काचबिंदू होता. एक डोळा गेलेला, दुसरा चाललेला. शेजारची मंडळी चांगली, पण किती दिवस? आईला इकडे आणायचं तर मुलगी अमेरिकेची नागरिक हवी. नागरिक झाली की आईचं काम काही महिन्यांत होतं. सुमनताईने नागरिकत्वाचा अर्ज केला होता आणि मुलाखतीच्या तारखेची वाट बघत होती. तिच्या आयुष्यात त्या काळात एवढी एकच गोष्ट होती. घरात आईसाठी खोली तयार होती आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला लाकडी दांडा श्रीकांतभावजींनी स्वतः बसवला होता. आणि नेमकी तेव्हाच नोकरी गेली. बाहेरच्या देशांतून स्वस्त टेलिव्हिजन येऊ लागले होते, दुकानांत तेच मांडलेले दिसायचे. कारखान्याने आधी एक पाळी बंद केली, मग दुसरी. ‘बंद’ हा शब्द कोणी वापरला नाही. माल खपला की परत बोलावू, असं सांगून लोकांना घरी पाठवलं. लोकांनी विश्वास ठेवला, कारण विश्वास न ठेवून करणार काय?

भारतातल्या वाचकांसाठी सांगायला हवं, की परदेशी मालामुळे ज्यांची नोकरी जाते अशा कामगारांसाठी अमेरिकेच्या सरकारची एक योजना आहे. बेकारीचा नेहमीचा भत्ता संपला तरी पुढे काही काळ भत्ता मिळतो आणि नवं काम शिकायचं असेल तर त्याचा खर्चही मिळतो. पण आधी वॉशिंग्टनला अर्ज करून दाखवून द्यावं लागतं, की आमचं काम बाहेरच्या मालानेच खाल्लं. अर्ज युनियन करू शकते, आणि युनियन नसेल तर तीन कामगारांनी मिळून सही केली तरी चालतं. मंजूर झाला की त्या कारखान्यातल्या सगळ्यांना त्याचा लाभ. या कारखान्यात युनियन नव्हती. शेकडो लोक घरी बसलेले, पण तीन सह्या मिळेनात. सही केली तर कंपनी परत बोलावणार नाही, ही धास्ती प्रत्येकाला. डोरिस आणि पेगी नावाच्या दोघी सुमनताईच्या शेजारी पट्ट्यावर बसायच्या. त्या दोघींनी सही केली होती. तिसरी सही शोधत त्या सगळीकडे फिरल्या आणि शेवटी, एका शनिवारी दुपारी, बर्फ तुडवत सुमनताईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आणि त्या दुपारी सुमनताईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं! हॉलमध्ये आम्ही पंधरावीस बायका, जरीच्या साड्या आणि त्यावर स्वेटर, बाहेर दारापाशी बुटांचा ढीग. नवरे आणि मुलं खाली बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर. बेल वाजली, सुमनताईने दार उघडलं आणि ती आहे तिथे थिजली. डोरिस उंच, साठीच्या जवळची, तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. पेगी ठेंगणी आणि बडबडी. “ओ हनी, यू आर हॅविंग अ पार्टी,” ती म्हणाली आणि मग, आवाज खाली न आणता, “वी जस्ट नीड युवर नेम. नो वन एल्स ऑन द लाइन विल साइन.” लाइन, म्हणजे कारखान्यातला पट्टा, हा शब्द हॉलभर ऐकू गेला. पुढच्या दहा मिनिटांत ‘इलेक्ट्रॉनिक्स’ म्हणजे काय, नोकरी कशी गेली, सगळं सगळ्यांना कळलं. सुमनताईचा चेहरा उतरला होता, पण घरी आलेल्या बाईला तसंच कसं पाठवायचं? तिने दोघींना बसवलं आणि कुंकवाचा करंडा घेतला. मंडळातल्या बापूसाहेबांच्या बायकोने, माईवहिनींनी, तिचा पदर ओढला. “अगं, त्या उंच बाईला नवरा आहे ना?” सुमनताईने उत्तर दिलं नाही. तिने डोरिसला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून आणलेले मापाचे कप दोघींच्या हातात ठेवले. डोरिसला काहीच कळलं नव्हतं. ती मान खाली करून शहाण्या मुलीसारखी बसली होती.

मग आतल्या खोलीत खलबत झालं. बेसमेंटमधून बापूसाहेबांना वर बोलावलं गेलं. प्रत्येक मंडळात असा एक जाणकार असतो. वकील नसतो, पण त्याने आपले भाऊ, बहिणी, मेहुणे इकडे आणलेले असतात, त्यामुळे इमिग्रेशनचा कायदा त्याच्याकडूनच समजून घ्यायचा असा रिवाज आहे. जेवणाच्या पंगतीत, हातात पेपर प्लेट घेऊन, आमच्या लोकांचे जन्माचे निर्णय झालेत ते अशा माणसांच्या शब्दावर. बापूसाहेब म्हणाले, “सुमन, हे बघ, सरकारकडे मदत मागायची म्हणजे आपण ओझं आहोत हे लिहून द्यायचं. तुझी सिटिझनशिपची फाइल पेंडिंग आहे. सही केलीस की फाइल रिजेक्ट. मग आईला विसर.” श्रीकांतभावजी म्हणाले, “आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने भांडणात पडू नये.” ज्या ऑफिसात ते नकाशे काढायचे तिथेही माणसं कमी करणं चाललं होतं. सुमनताई पलंगाच्या कडेला बसून हळदीचा हात निऱ्यांना पुसत होती. “भत्ता नाही मिळाला तर डोरिसचं घर जाईल,” ती म्हणाली. “तुझी आई जाईल त्याचं काय?” बापूसाहेबांनी विचारलं. मग सुमनताई उठली, स्वयंपाकघरात गेली, ओट्यावर कागद ठेवला आणि सही केली. कागदाच्या कोपऱ्यात तिचा पिवळा अंगठा उमटला. पेगी म्हणाली, “इट्स ओके, इट मेक्स इट प्रिटी.” त्या गेल्यावर सुमनताई मला म्हणाली, “नीला, मला खूप भीती वाटतेय.” हे तिने न रडता, साध्या आवाजात सांगितलं, भूक लागलीय म्हणतात तसं.

पुढचे महिने ती दबकूनच राहिली. घरासमोर एखादी अनोळखी गाडी हळू झाली की ती पडदा ओढायची. फोन वाजला तर श्रीकांतभावजी उचलायचे, ती दाराआडून त्यांचा चेहरा बघायची. पट्ट्यावरच्या काही बायका दुकानात समोर आल्या तर तोंड फिरवायच्या. हिच्या सहीमुळे कंपनीने दार कायमचं लावलं, असं त्यांना वाटायचं. आणि गावाची हवा तर अशी बिघडलेली! बाहेरचा माल, बाहेरची माणसं, सगळं एकाच शिवीत यायचं. एका शनिवारी आम्ही दोघी माझ्या छोट्या गाडीतून बाजाराला निघालो होतो. गाडी जपानी, नवऱ्याने स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. वाटेत एका पार्किंग लॉटमध्ये गर्दी होती. बेकारांच्या मदतीसाठी कसलासा मेळा होता आणि मध्यभागी एक जुनी जपानी गाडी ठेवलेली. वर्गणी टाकायची आणि घणाचा एक घाव घालायचा. काचा फुटल्या की लोक टाळ्या वाजवत होते. रस्ता अडलेला, मागे गाड्या, आमची गाडी त्याच जातीची आणि आत आम्ही दोन सावळ्या बायका. एक माणूस घण हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिला. मग दुसरा. मी दारांची लॉकं दाबली, पण घाईत मागचं एक दाबायचं राहिलं. सुमनताई अगदी हळू म्हणाली, “काहून बघून राहिले हे? नोकरी तर माझीबी गेली ना...” तेवढ्यात तेच मागचं दार उघडलं. मी किंचाळलेच असते, पण आत आली ती डोरिस, कोट सावरत. मागच्या सीटवर बसली, काच खाली केली आणि घणवाल्या माणसाला, तो त्यांच्याच कारखान्यातला निघाला, म्हणाली, “डेल, दिस लेडी साइन्ड फॉर यू.” मग मला म्हणाली, “स्माइल अँड ड्राइव्ह.” मला हसू काही आलं नाही, गाडी मात्र चालवली. पुढे दोन मैलांवर थांबून मी रस्त्याकडेला उलटी केली. सुमनताई माझी पाठ चोळत राहिली. तिचेही हात गार पडले होते.

अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी पेगी केक घेऊन आली. तोंड फिरवणाऱ्या बायकाही नाव नोंदवायला रांगेत उभ्या राहिल्या, डेलही. सुमनताईने कम्युनिटी कॉलेजात लॅब टेक्निशियनचा कोर्स घेतला आणि शिकता शिकता तिला भत्ता मिळू लागला. इथवर सगळं बरं चाललं होतं. आणि याच काळात, भत्ता चालू असताना, क्लीव्हलँडच्या इमिग्रेशन ऑफिसातून नागरिकत्वाच्या मुलाखतीची तारीख आली. पुन्हा बापूसाहेब. या वेळी त्यांचा सल्ला इतका समंजस वाटला की मीही मान डोलावली. “भत्त्यावर जगतेयस आणि त्यांच्याच दारात जाणार? कोर्स संपू दे, नोकरी लागू दे. ताठ मानेने जा ना. तारीख काय, दुसरी मिळेल.” सही करताना जी बाई ऐकली नव्हती ती या वेळी ऐकली. एकदा धाडस केल्यावर माणूस थकतो, दुसऱ्यांदा करायला त्राण उरत नाही, असं मला वाटतं. तिने मुलाखत पुढे ढकलली. दुसरी तारीख काही लवकर येईना. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आईशी फोनवर बोलायचं म्हणजे अमरावतीला शेजाऱ्यांकडे कॉल बुक करायचा, आई कोणाचा तरी हात धरून तिथवर येणार, आणि ओरडून विचारणार, “कधी येऊ?” सुमनताई म्हणायची, “येतंय बोलावणं, आई.” आईचा दुसरा डोळाही गेला. मग एके दिवशी आई न्हाणीघरात पडली. सुमनताई विमानात होती तेव्हाच सगळं संपलं होतं. परत आल्यावर ती त्या तयार खोलीत बराच वेळ उभी राहिली आणि भिंतीवरचा दांडा काढायला आलेल्या श्रीकांतभावजींना म्हणाली, “असू द्या.” तो दांडा अजून तिथे आहे.

तारीख अखेर आली. मीच तिला क्लीव्हलँडला घेऊन गेले. तिला आता नागरिकत्व कशाला हवं होतं देव जाणे, पण ती गेली. आतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की नक्की रिजेक्ट झालं असंच मला वाटलं. ती बाकावर बसली. म्हणाली, “पास झाले.” मग म्हणाली, “त्यानं विचारलंच नाही गं. सरकारची मदत घेतली का, असं काही विचारलंच नाही. मीच सांगितलं शेवटी. म्हटलं, आय टूक असिस्टन्स. तर तो म्हणतो, सो डिड माय ब्रदर-इन-लॉ. आणि पुढचा प्रश्न.” ती माझ्याकडे बघत होती, मी काही तरी वेगळं सांगावं म्हणून. “म्हणजे मी पहिल्या तारखेला गेले असते तर...” ते वाक्य तिने पुरं केलं नाही, तेव्हाही आणि नंतरही कधी. बापूसाहेबांवर ती रागावली नाही. त्यांच्या आजारपणात डबे पोचवले तिने. मी मात्र त्यांना अजून माफ केलेलं नाही आणि ते हे वाचतील याची मला पर्वा नाही.

आमच्या लॅबमध्ये ती लागली आणि त्याचबरोबर तिने एक काम आपणहून अंगावर घेतलं. गावात कोणाची नोकरी गेली, कोणाला कसल्या ऑफिसात बोलावणं आलं, की सुमनताई सुट्टी काढून त्याच्याबरोबर जायची. आपल्याच लोकांबरोबर असं नाही, पट्ट्यावरच्या बायकांबरोबरही. तिला कायदा येत होता असं नाही. ती फक्त शेजारी बसायची. आणि ‘घाबरू नकोस’ असं ती कधीही म्हणायची नाही. म्हणायची, “मलाही भीती वाटते. पण तारीख सोडायची नाही.” माझ्या मागे तर ती चार वर्षं लागली होती. मी नागरिकत्वाचा अर्जच करत नव्हते. एकदा त्या खोलीत जावं लागेल, या विचारानेच मला घाम फुटायचा. शेवटी गेल्या उन्हाळ्यात तिने मला टेबलाशी बसवून अर्ज भरून घेतला. “मी येते ना बरोबर,” ती म्हणाली. माझी तारीख आली ती तिला जाऊन तीन आठवडे झाल्यावर. नवरा म्हणाला, या मनःस्थितीत कशाला, पुढे ढकल, कळेल त्यांना. फोन फिरवायला मी बोट लावलंही होतं. मग ते काढून घेतलं. त्यालाही बरोबर येऊ नको म्हटलं. ती जागा त्याची नव्हती.

क्लीव्हलँडच्या त्या खोलीत लवकर पोचले. भिंतीला लागून असलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली. खोली भरत गेली. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी आली, कुठल्या देशाची ते मला ओळखता आलं नाही. तिने पर्सकडे बोट दाखवून विचारलं, इथे कोणी आहे का? “यस,” मी म्हणाले, “माय सिस्टर इज कमिंग.” हे मी का म्हणाले मला ठाऊक नाही. म्हातारी भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिने फाइल छातीशी धरली होती आणि फाइल थरथरत होती. मी तिकडे न बघायचा प्रयत्न केला, दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं... मग पर्स उचलून मांडीवर घेतली आणि तिला हात केला. ती आली, बसली, श्वास घेतला आणि विचारलं, “युवर सिस्टर?” “शी इज नॉट कमिंग,” मी म्हणाले. हे मी आजवर कोणापुढे बोलले नव्हते. मग आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाली, की तिला फार भीती वाटते आहे. मी तिचा हात हातात घेतला. तो गार होता.

“मलाही,” मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, पण तिला समजलं असावं.